वेणी, गाठ आणि बरकत

स्वेटरला धर्म असतो का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. पण गेल्या महिन्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अगदी गंभीरपणे विचारला गेला. विचारणारे गृहस्थ वडीलधारे, नमाज-रोज्याचे पाबंद आणि मनाने निर्मळ आहेत. वाद उकरून काढण्याची त्यांना सवय नाही. म्हणून त्यांना उत्तरही नीट द्यायला हवं, आणि ते दोन ओळींत मावणारं नाही.

झालं असं. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहते. तिला मुलगा झाला. तिकडे दुकानांच्या काचांमागे मलईच्या रंगाचे, दोरखंडासारखे पीळ असलेले जाड स्वेटर टांगलेले असतात. बाळासाठी हाताने विणलेला घ्यावा म्हणून ती गेली, किंमत ऐकून परत आली आणि मला फोन केला, "खाला, हे तुम्हीच करून द्या." सोबत फोटो. छातीवर सेल्टिक पद्धतीची गाठ, दोन्ही बाजूंना वेण्या. लोकरही तिनेच पाठवली. म्हणजे आयर्लंडहून लोकर यायची निमगाव केतकीला, विड्याच्या पानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावात तिचा आयरिश स्वेटर व्हायचा आणि तो परत आयर्लंडला जायचा. मी पुढचा भाग पूर्ण करून फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटलं, आणि मग तो प्रश्न आला.

त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं. एक, ही नक्षी ख्रिस्ती आहे, यात जागोजागी क्रूस आहेत. दोन, जो दुसऱ्या कौमची नक्कल करतो तो त्यांच्यातलाच होतो, अशा अर्थाची हदीस आहे. मग मुसलमानाच्या बाळाच्या अंगावर हे का?

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. ज्यांनी कधी सुया हातात घेतल्या नाहीत त्यांना वाटतं, वेणी म्हणजे काहीतरी वरून शिवलेलं असतं. तसं नसतं. वेणी म्हणजे टाक्यांची अदलाबदल. आमच्या घरात त्यांना फंदे म्हणतात, शेजारच्या काकू टाके म्हणतात. इथे टाकेच म्हणते. समजा वेणीचे सहा टाके आहेत. पहिले तीन न विणता एका छोट्या जादा सुईवर काढून पुढे लटकत ठेवायचे, मागचे तीन विणून घ्यायचे, मग लटकलेले तीन विणायचे. झाला पीळ. पुढे लटकवले तर तो डावीकडे वळतो, मागे ठेवले तर उजवीकडे. दर सहा-आठ ओळींनी हे करत गेलं की सुलट टाक्यांचे दोन दोर एकमेकांना पीळ देत वर चढतात. बाजूला उलट टाके ठेवले की वेणी उठून दिसते. एवढंच.

सेल्टिक गाठ मात्र अवघड. साधी वेणी खालच्या पट्टीतून निघते आणि गळ्याशी जाऊन संपते. गाठीला सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो, दोर फिरून फिरून स्वतःलाच येऊन मिळतो. विणकाम तर खालून वर, ओळीओळीने जातं. मग आडवा वळसा आणायचा कुठून? त्यासाठी उलट टाक्यांच्या सपाट जमिनीत मध्येच एका टाक्यातून एकदम पाच किंवा सात टाके काढतात, निम्मे डावीकडे आणि निम्मे उजवीकडे पाठवतात, आणि वर गेल्यावर तसेच गोळा करून पुन्हा एकात मिटवतात. मधल्या सगळ्या प्रवासाला नियम एकच: जो दोर एका ठिकाणी वरून गेला तो पुढच्या ठिकाणी खालून जायचा. एक जागा चुकली की गाठ सुटते, म्हणजे लोकर सुटत नाही, पण डोळ्याला कळतं की हे खोटं आहे.

आता हा नियम कुणाचा? आमच्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बायकांना तो माहीत आहे. बाज विणणाऱ्याला माहीत आहे. विजापूरला गोल घुमटाच्या आत उभं राहून वर पाहिलं तर घुमटाला तोलणाऱ्या कमानी अशाच एकमेकींना छेदत गेलेल्या दिसतात. दोन दोर एकमेकांवरून गेले म्हणून क्रूस होत नाही. होत असता तर घरातल्या चटईवरसुद्धा बसता आलं नसतं.

तरी त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग मला बाजूला सारायचा नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवलेलं 'बुक ऑफ केल्स' नावाचं साधारण बाराशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित म्हणजे बायबलमधली शुभवर्तमानं आहेत, आणि त्याची पानं अशा गाठींनी भरलेली आहेत. आयर्लंडमधले दगडी क्रूसही याच नक्षीने मढवलेले असतात. तो क्रूस मला कुणी विणायला सांगितला असता तर मी विणला नसता. हजरत आयेशांची रिवायत बुखारीत आहे, की क्रूस असलेली वस्तू पैगंबर (स.) घरात तशीच राहू देत नसत. पण गाठ म्हणजे क्रूस नव्हे. नक्षी ही भाषेसारखी असते. अरबी भाषा इस्लामच्या आधीपासून होती आणि आजही ख्रिस्ती अरब तिच्यातच प्रार्थना करतात.

आणखी एक गंमत अशी, की या स्वेटरांचं 'प्राचीन ख्रिस्ती'पण बरंचसं दुकानात तयार झालेलं आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेच्या समोर अरन नावाची तीन बेटं आहेत, त्यांच्यावरून यांना अरन स्वेटर म्हणतात. पर्यटकांना सांगितलं जातं, की ही हजारो वर्षांची विद्या आहे, प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी, आणि समुद्रात बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की स्वेटरच्या वेणीवरून त्याचं घराणं ओळखत. ऐकायला काळजाला हात घालणारी गोष्ट आहे. पण खरी नाही. हे स्वेटर आज दिसतात तसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास घडले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी घट्ट विणीचे स्वेटर घालत, त्यावरून बेटावरच्या हुशार बायकांनी स्वतःची करामत केली. पुढे विक्रीसाठी विणू लागल्या. गरीब होत्या, पैसे हवे होते. यात लाजण्यासारखं काय आहे? १९६१ मध्ये क्लॅन्सी ब्रदर्स हे गायक अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर हे स्वेटर घालून आले आणि मागणी भडकली.

पावित्र्याची गोष्ट रचण्यात मोठा वाटा हाइन्झ एडगर कीव्ह नावाच्या ऑक्सफर्डच्या लोकर-दुकानदाराचा. त्याने १९३६ मध्ये डब्लिनला असा एक स्वेटर विकत घेतला, बुक ऑफ केल्समधल्या चित्राशी त्याचं साम्य आहे असं त्याला वाटलं, आणि १९६७ मध्ये त्याने विणकामाच्या 'पवित्र' इतिहासावर पुस्तकच काढलं. त्याचे हे दावे रिचर्ड रट या अभ्यासकाने १९८७ मध्ये हातविणीच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात खोडून काढले. हे रट कोण होते? लेस्टरचे बिशप! ख्रिस्ती धर्मगुरू सांगतो आहे की या वेण्यांत धर्म नाही, आणि आमच्या ग्रुपवर आम्ही तो शोधून काढतो आहोत.

बुडालेल्या कोळ्याच्या गोष्टीला एक धागा मात्र आहे. जॉन मिलिंग्टन सिंज या आयरिश नाटककाराचं 'रायडर्स टू द सी' हे छोटं नाटक १९०४ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात दूरवर सापडलेल्या प्रेताचे कपडे दोन बहिणींकडे येतात. हा आपला भाऊ आहे का? स्वेटर पाहून नव्हे, मोजा पाहून कळतं. मोजा धाकटीने विणलेला असतो. किती टाके घातले आणि किती सोडले हे तिला आठवत असतं, ती मोजते आणि तिला कळतं.

मला या दोन गोष्टींतला फरक फार मोठा वाटतो. नाटकात बहीण भावाला ओळखते ती स्वतःच्या हाताच्या खुणेवरून. तिथे ओळखणारी आणि ओळखला जाणारा यांच्यामध्ये माया आहे. दुकानदाराच्या गोष्टीत कुणीही परका माणूस वेणी बघून सांगू शकतो की हा अमुक घराण्याचा. माणसाला त्याच्या कापडावरून खणात टाकायचं. ही दुसरी ओळख आपल्याकडे चांगलीच परिचयाची आहे. डिसेंबर २०१९ मध्ये झारखंडमधल्या दुमक्याच्या सभेत देशाच्या पंतप्रधानांनी, जाळपोळ करणारे कोण आहेत ते त्यांच्या कपड्यांवरून कळतं, अशा अर्थाचं विधान केलं होतं. त्या दिवशी आमच्या घरात टीव्ही बंद करून सगळे गप्प बसले होते. माझी नानी हयात असती तर तिला कपड्यांवरून कुणी काय ओळखलं असतं कोण जाणे; ती आयुष्यभर नऊवारी नेसली, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, आणि पाच वेळची नमाज चुकवली नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत अशा नान्या-दाद्या घरोघर होत्या.

म्हणून मला त्या वडीलधाऱ्यांना विनंती करावीशी वाटते. कपड्यांवरून माणूस ओळखायची रीत आपल्याविरुद्ध वापरली गेली की आपल्याला झोंबते. मग ती आपण आपल्या घरात एका बाळाच्या स्वेटरवर का चालवायची?

राहिली नकलेची हदीस. तीच परंपरा आणखीही काही सांगते. मुगीरा बिन शोबांची रिवायत प्रसिद्ध आहे. प्रवासात पैगंबर (स.) यांच्या अंगात शामी जुब्बा होता, त्याच्या बाह्या इतक्या अरुंद की वजूसाठी हात खालून बाहेर काढावे लागले. काही रिवायतींत त्याला रूमी म्हटलं आहे, लोकरीचा होता असंही येतं. शाम म्हणजे सीरिया, आणि तेव्हा तिथे ख्रिस्ती रोमी बादशहाचं राज्य होतं. इमाम बुखारींनी तर शामी जुब्ब्यात नमाज पढण्यावर वेगळं प्रकरणच केलं आहे. परक्यांनी विणलेलं कापड अंगात घालून नमाज होते, मग आपल्याच माणसाने विणलेल्या परक्या नक्षीत बाळाला झोप का लागू नये? आणि सूफी हा शब्द 'सूफ' म्हणजे लोकर यावरून आला असं बहुतेक विद्वान मानतात. लोकरीशी आपलं भांडण कधीच नव्हतं.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. दोन सुयांच्या विणकामाचे सर्वांत जुने जे नमुने सापडतात ते आयर्लंडचे नाहीत, इजिप्तचे आहेत. सुती मोजे आणि त्यांचे तुकडे, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले, निळ्या आणि पांढऱ्या सुताचे. काहींवर कूफी लिपीच्या वळणाची अक्षरं विणलेली आहेत, त्यांत 'अल्लाह' हा शब्द वाचता येतो. तिथून ही कला युरोपात गेली असावी, बहुधा स्पेनमार्गे. तिथे बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा ख्रिस्ती मठ आहे, कास्तीलच्या राजघराण्याची कबरस्तानं त्यात आहेत. राजा दहावा अल्फोन्सो याचा मुलगा फर्नांदो १२७५ मध्ये वारला आणि तिथे पुरला गेला. १९४०च्या दशकात त्या कबरी उघडल्या तेव्हा त्याच्यासोबत रेशमाच्या हातविणीची उशी निघाली. इंचाला वीसच्या आसपास टाके! मी बाळाच्या स्वेटरला इंचाला सहा घालते आणि डोळे दुखतात म्हणून कुरकुरते. उशीवर पक्षी आहेत, फुलं आहेत, आणि कडेने कूफी लिपीत अरबी शब्द आहे, बरका. आपली बरकत. विणणारे मुस्लीम कारागीर असावेत असं अभ्यासक मानतात.

हे घराणं मुसलमानांशी लढणारं होतं. फर्नांदोच्या आजोबांनी कोर्दोबा आणि सेव्हिल जिंकून घेतलं. तरी मेलेल्या राजपुत्राच्या डोक्याखाली उशी ठेवताना, ही लिपी कुणाची, असं कुणी विचारलं नाही. किंवा विचारलंही असेल, आणि कुणा मायाळू माणसाने म्हटलं असेल, राहू दे, सुंदर आहे.

इथे आपल्या बाजूच्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. हे वाचून काहीजण लगेच फॉरवर्ड तयार करतील: 'विणकाम मुसलमानांनी शोधलं.' कृपा करून करू नका. जुने मोजे इजिप्तमध्ये टिकले याला तिथली कोरडी वाळूही कारण आहे. ओल्या मुलखात सूत कुजून जातं. आणि त्याच इजिप्तमध्ये इस्लामच्या आधीपासून एका सुईने गाठी घालत पायमोजे करत, ते दिसायला हुबेहूब विणल्यासारखे. कुणीतरी कुणाकडून शिकलंच असेल. आपण सुया उजवीकडून डावीकडे विणत जातो त्याचं कारण अरबी लिपी, असंही काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात, एवढं कारण पुरेसं आहे. कीव्हने केल्सच्या पुस्तकातून जे केलं तेच आपण कूफी अक्षरांतून करू लागलो तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?

मराठी भाषा या बाबतीत शहाणी आहे. मागावर कापड, सुयांवर स्वेटर, बांबूची टोपली, सुतळीची बाज, सगळ्याला एकच क्रियापद: विणणे. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीला आलेले मोमीन-अन्सारी विणतात आणि आमच्या शेजारच्या काकूही विणतात. मान मात्र सारखा नाही. मागावरच्याला निदान विणकर हे नाव आहे. सुयांवर विणणाऱ्या बाईच्या कामाला 'फावल्या वेळातलं' म्हणतात, तो फावला वेळ तिला कधी मिळतो हे कुणी विचारत नाही.

आणि लोकरीचं म्हणाल तर आमचा इंदापूर-बारामतीचा टापू काही लोकरीला नवखा नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या गावातून जाते. त्याआधी काटेवाडीला धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण करतात. त्याच दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी. खड्ड्यातल्या मागावर सणगर ती विणत आले, चिंचोक्याची खळ देऊन ताणा कडक करत आले. ती लोकर राठ आणि काळी, बाळाच्या अंगाला चालणार नाही, पण पावसात उभ्या असलेल्या मेंढपाळाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. आता लोकरीच्या पैशात मेंढ्यांच्या कातरणीचा खर्चही निघत नाही, असं मेंढपाळ सांगतात. घोंगडीची विक्री ऑनलाइन होते आणि तिच्यासोबत गोष्टी विकल्या जातात: पाठदुखी जाते, झोप लागते, अमुक इतकी ऊर्जा मिळते. घोंगडी ऊब देते आणि वर्षानुवर्षं टिकते, एवढ्यावर तिला योग्य भाव का मिळू नये? अरनच्या बायकांनाही टाक्यांपेक्षा गोष्टीचेच पैसे जास्त आले, आणि तेही बहुतेक दुसऱ्यांच्या खिशात गेले.

नमुना मागणाऱ्या बहिणींसाठी थोडं. बाळाच्या स्वेटरभर वेण्या घालू नका. वेणी कापड आत ओढते, त्यामुळे लोकर जास्त लागते आणि कापड जाड होतं. काखेत आणि पाठीवर ते बाळाला रुततं, कारण बाळ बहुतेक वेळ पाठीवरच असतं. मी गाठ फक्त छातीवर ठेवली, दोन्ही बाजूंना एकेक चार टाक्यांची वेणी, बाकी साबुदाण्याची वीण, पाठ आणि बाह्या सपाट. जाळीची वीण टाळा, बाळाची बोटं अडकतात. वेणीत भोकं नसतात हा तिचा मोठा गुण. बाळाचं डोकं मोठं असतं, म्हणून खांद्यावर तीन बटणं, पक्की शिवलेली. गळ्याला गोंड्याची दोरी अजिबात नको. गाठ आधी चौकटीच्या वहीत काढा आणि प्रत्येक छेदावर वर की खाली ते लिहा. मेरिनो लोकर कोमट पाण्यात हाताने धुवायची, पिळायची नाही, पंचात गुंडाळून दाबायची आणि सपाट वाळवायची.

मला याला पंचेचाळीस तास लागले, दोनशे ग्रॅमच्या वर लोकर. मी वहीत लिहून ठेवले होते तास. भाचीच्या दोन मैत्रिणींनी फोटो पाहून विचारलं की आम्हाला करून द्याल का, किती घ्याल? मी तासांचा हिशेब सांगितला, बारामतीतला कारागीर दिवसाला जी मजुरी घेतो त्या दराने, लोकर वेगळी. एकीचा पुन्हा फोन आला नाही. दुसरीने माप पाठवलं आहे. मुलगी आहे, छाती अठरा इंच, रंग निळा चालेल म्हणते.